जीर्ण अजीर्ण आणि सूचिवेध : एका उपचाराच्या परीक्षेचा इतिहास

जुनाट अपचनाच्या रोग्याजवळ वैद्याला दाखविण्यासारखे बहुधा काही नसते. जेवणानंतर पोटाला तडस लागते, गुबारा धरतो, करपट ढेकर येतात, दोन घासांतच पोट भरल्यासारखे होते, छातीच्या खाली जळजळते, हे तो सांगतो आणि वैद्य ते ऐकतो. जठरात नळी घालून पाहिले तरी अनेकदा तेथे व्रण आढळत नाही, गाठ आढळत नाही. रोगाचा पुरावा म्हणजे रोग्याचे बोलणे, आणि रोग बरा झाल्याचा पुरावा म्हणजेही त्याचे बोलणेच. त्यामुळे या विकारावरील कोणत्याही उपचाराची परीक्षा करावयाची म्हटली की ती प्रथम शब्दांच्या अर्थापाशी येऊन थांबते. चीनमधील सूचिवेध, म्हणजे आज सर्वत्र ज्याला ॲक्युपंक्चर म्हणतात तो उपचार, युरोपीय वैद्यांच्या दृष्टीस पडल्याला तीन शतकांहून अधिक काळ लोटला. या काळात पोटाच्या विकारांवर त्याचे प्रयोग वारंवार झाले. परंतु रोग कशाला म्हणावयाचे, सुई टोचली असे केव्हा म्हणावयाचे आणि बरे झाले कोणाला म्हणावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे जसजशी बदलली तसतसा प्रयोगांचा निकालही बदलत गेला. हा इतिहास वैद्यकाचा खरा, पण त्याचा बराचसा भाग परिभाषेचा इतिहास आहे.

रोगाच्या नावापासूनच आरंभ करणे सोयीचे. युरोपीय वैद्यकातील ‘डिस्पेप्सिया’ हा शब्द ग्रीक होय. त्यातील ‘डिस्’ आणि संस्कृत ‘दुस्’ ही एकाच मूळ रूपाची दोन अपत्ये आहेत. ‘पेप्सिस्’मधील धातू आणि संस्कृत ‘पच्’ यांचेही तसेच नाते आहे. अन्न चुलीवर शिजणे, फळ झाडावर पिकणे आणि घास पोटात जिरणे या तिन्ही क्रियांना ग्रीकांजवळ एकच धातू होता. मराठीतही ‘पाक’, ‘पिकणे’ आणि ‘पचणे’ ही एकाच घराण्यातील मंडळी आहेत. पोट ही एक चूल आहे आणि ती मंद झाली की अन्न कच्चे राहते, ही कल्पना ‘अग्निमांद्य’ या आयुर्वेदीय संज्ञेत स्पष्टच दिसते. माधवनिदानात अग्निमांद्य व अजीर्ण यांचा विचार एकत्र केलेला आढळतो तो याच कारणाने. (‘जीर्ण’ म्हणजे जिरलेले आणि ‘जीर्ण’ म्हणजे जुनेही; त्यामुळे ‘जीर्ण अजीर्ण’ हा शब्दप्रयोग कानाला चमत्कारिक वाटला तरी व्याकरणाच्या दृष्टीने त्यात दोष काढता येणार नाही.)

चिनी वैद्यकाला पचनाची कल्पना अपरिचित होती असे मुळीच नाही. परंतु ज्या तक्रारींना आज जुनाट अपचन म्हटले जाते त्यांपैकी पुष्कळशा तेथे ‘पी’ या संज्ञेखाली येतात. इसवी सन २०० च्या सुमारास झांग जोंगजिंग याने रचलेल्या ‘शांग-हान लुन’ या ग्रंथात हृदयाच्या खालच्या भागी जाणवणाऱ्या ‘पी’चा विचार आहे, आणि या शब्दाचा भाव कोंडणे, तुंबणे, गच्च होणे असा आहे. म्हणजे येथे चुलीचे रूपक मागे पडून तुंबलेल्या वाटेचे रूपक पुढे येते. विझत चाललेल्या चुलीवर सुईचा काय उपयोग, हे आपल्या वैद्याला कळणे कठीण. तुंबलेली वाट मात्र सुईने मोकळी करता येईल, असे चिनी वैद्याला वाटणे स्वाभाविक होते. सुश्रुताचा शिरावेध हाच सूचिवेधाचा मूळ पुरुष, असे अधूनमधून सांगितले जाते. सुश्रुत शीर विंधतो ती रक्त काढण्यासाठी, आणि चिनी पद्धतीतील वाहिन्यांची व बिंदूंची व्यवस्था त्याच्याकडे नाही. तेव्हा हे नाते ओढूनताणून जोडलेले आहे असेच म्हणावे लागते.

त्या व्यवस्थेचा आद्य ग्रंथ ‘हुआंग-दी नेइजिंग’ हा इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकाच्या आसपास संकलित झाला. त्यात शरीरातील वाहिन्यांना ‘जिंग’ म्हटले आहे. हा शब्द मूळचा विणकराच्या मागावरचा. त्याचा अर्थ उभा धागा, म्हणजे आपल्याकडचा ताणा. पुढे त्याला प्रमाणभूत ग्रंथ असाही अर्थ आला, आणि बौद्ध सूत्रे चिनी भाषेत गेली तेव्हा ‘सूत्र’ या शब्दासाठी अनुवादकांनी हाच शब्द घेतला. धाग्यापासून ग्रंथापर्यंतचा प्रवास संस्कृतातील ‘सूत्र’ आणि ‘तंत्र’ या दोन्ही शब्दांनी स्वतंत्रपणे केलेला असल्यामुळे भारतीय वाचकाला ही निवड किती समर्पक होती हे सहज पटेल. या ताण्यांतून वाहणारे जे ‘ची’, त्या शब्दाचा जुना अर्थ वाफ, धुके, श्वास. पोटाच्या विकारांसाठी ज्या बिंदूंची नावे पुनःपुन्हा येतात त्यांतील सर्वांत प्रसिद्ध बिंदू गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगास आहे. त्याचे नाव ‘झू-सान-ली’, शब्दशः ‘पायावरचे तीन ली’. ‘ली’ हे अंतराचे माप. ‘नेइजिंग’मध्ये हा बिंदू जठराशी जोडलेला आहे. जपानमध्ये तो घरोघरी माहीत होता. बाशो या कवीने १६८९ साली उत्तरेच्या दीर्घ पदयात्रेला निघण्यापूर्वी याच ठिकाणी शेक घेतल्याचे आपल्या प्रवासग्रंथात नमूद केले आहे.

शेकाचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. चिनी भाषेत या उपचाराचे नाव ‘झेन-ज्यू’ असे आहे, आणि तो सरळ द्वंद्व समास आहे : सुई आणि शेक. आर्टेमिसिया जातीच्या वनस्पतीची वाळलेली पाने जाळून बिंदूवर दिलेली ऊब हा उपचाराचा दुसरा अर्धा भाग होय. डच वैद्य विलेम तेन ऱ्हाइने हा १६७४ ते १६७६ या काळात नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर होता. त्याने १६८३ साली लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात ‘आकुपुंक्तुरा’ ही संज्ञा आली. ‘आकुस्’ म्हणजे सुई, ‘पुंक्तुरा’ म्हणजे टोचणी. द्वंद्वातील एक पद गळाले ते असे. अनुवादात गळालेले हे पद पुढे प्रयोगशाळेतही बहुधा गळालेलेच राहिले, कारण ज्या शब्दाने प्रश्न विचारला जातो त्याच्या बाहेरचे उत्तर कोणी शोधत नाही.

तेन ऱ्हाइनेनंतर पंधरा-सोळा वर्षांनी त्याच बेटावर आलेला जर्मन वैद्य एंगेलबेर्ट केम्फर याचे वर्णन पोटाच्या विकाराचेच आहे. १७१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ‘सेनकी’ नावाच्या पोटशुळावर जपानी वैद्य पोटाच्या वरच्या भागी तीन ओळींत नऊ ठिकाणी सुया कशा टोचतात याचे वर्णन चित्रासह दिलेले आहे. हा उपचार आपल्यासमक्ष झाला आणि कळ जवळजवळ तत्काळ थांबली, अशी साक्ष तो देतो. त्याच्या मते कोंडलेल्या वाऱ्याला वाट करून देणे हे सुईचे काम होते, आणि वाऱ्याचे हे स्पष्टीकरण तत्कालीन युरोपीय वैद्यकाला अगदी मानवणारे होते. केम्फर हा काळजीपूर्वक पाहणारा मनुष्य होता; त्याने जे पाहिले ते खरे मानावयास हरकत नाही. परंतु पोटशुळाची कळ स्वभावतःच येते आणि जाते. सुई टोचली नसती तर ती केव्हा थांबली असती, हा प्रश्न त्याने विचारला नाही. तो प्रश्न विचारण्याची रीत तेव्हा नव्हती.

ती रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दिसते, पण सुईच्या संदर्भात नव्हे. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स याने धातूच्या दोन टोकदार कांड्या अंगावरून ओढून वेदना नाहीशा करण्याचा दावा केला होता आणि १७९६ साली त्याचे एकस्व मिळविले होते. बाथ येथे जॉन हेगार्थ याने १७९९ साली धातूच्या कांड्यांसारख्या दिसणाऱ्या लाकडी कांड्या करवून त्या सांधेदुखीच्या पाच रोग्यांवर वापरल्या. पाचांपैकी चौघांना आराम वाटला. लटक्या साधनाने खऱ्या साधनाची परीक्षा करण्याचा हा प्रसिद्ध आरंभ होय. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८१० साली, फ्रान्समधील ला कोत-सेंतांद्रे या गावी लुई बेर्लिओझ (संगीतकार हेक्टर बेर्लिओझ याचा पिता) सुईचे प्रयोग करू लागला. त्याची पहिली रोगी पोटाच्या वेदनांनी त्रस्त झालेली एक तरुण स्त्री होती. जुनाट विकारांवरील त्याचा ग्रंथ १८१६ साली प्रसिद्ध झाला. बेर्लिओझ प्रामाणिक होता, पण हेगार्थची लाकडी कांडी त्याच्या विचारात कोठेही नाही. रोगी आला, सुई टोचली, बरे वाटले, अशी त्याच्या पुराव्याची रचना आहे. त्या तरुणीची वेदना सुईने गेली की वैद्याच्या तळमळीने, हे सांगावयास त्या ग्रंथात आधार सापडत नाही. हेगार्थची युक्ती सुईपर्यंत पोहोचावयास दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला.

दरम्यान चीनमध्येच सुईचे दिवस फिरले होते. १८२२ साली दाओग्वांग बादशहाने राजवैद्यशाळेतील सूचिवेधाचा विभाग बंद केला. १९२९ साली राष्ट्रीय सरकारच्या आरोग्यमंडळाने देशी वैद्यकच हळूहळू नाहीसे करण्याचा ठराव संमत केला. वैद्यांच्या तीव्र विरोधामुळे तो अमलात आला नाही. १९४९ नंतर मात्र नव्या राजवटीने सुईला आश्रय दिला. जू ल्येन या विदुषीने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘नव-सूचिवेध’विषयक ग्रंथात जुन्या वाहिन्यांऐवजी मज्जासंस्थेची परिभाषा वापरली. फ्रान्समध्ये याच्या नेमकी उलट गोष्ट घडली. चीनमध्ये वकिलातीत काम केलेल्या जॉर्ज सुलिए द मोराँ याने १९३० च्या दशकात ‘जिंग’ला ‘मेरिदियँ’ आणि ‘ची’ला ‘एनर्जी’ हे प्रतिशब्द रूढ केले. पहिला शब्द भूगोलातला आणि दुसरा पदार्थविज्ञानातला. त्यांवरून मराठीत ‘ऊर्जावाहिनी’ असा शब्द तयार झाला की वाचकाला वाटते, ही ऊर्जा विजेसारखी मापता येत असावी; आणि ती मापता आली नाही की सगळेच थोतांड ठरते. वाफ आणि ताणा हे शब्द कायम राहिले असते तर असा मापनाचा हट्ट कोणी धरला नसता. पश्चिमेतील कित्येक वादांचे मूळ या दोन प्रतिशब्दांत आहे, असे म्हणणे धाडसाचे होणार नाही.

भारतात ही विद्या आली ती राष्ट्रसभेने १९३८ साली चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकाच्या धाग्याने. त्या पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी डॉ. बिजोय कुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सूचिवेध शिकून घेतला व कलकत्त्यास त्याचा आरंभ केला. कोटणीसांचे नाव आज काही सूचिवेध-केंद्रांना दिलेले आढळते, त्यामुळे ते स्वतः सुया टोचीत असत असा समज होतो. ते शस्त्रवैद्य होते.

पश्चिमेचे लक्ष सुईकडे नव्याने वळले तेही पोटाच्याच तक्रारीमुळे. जुलै १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन याच्यावर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ती सुयांनी बधिर करून झाली, असे पुढे जगभर सांगितले गेले. रेस्टनने स्वतः लिहिले आहे ते निराळे आहे : बधिरीकरण नेहमीच्या इंजेक्शनांनी झाले होते. दुसऱ्या दिवशी रात्री पोट फुगून तो अस्वस्थ झाला तेव्हा ली चांग-युआन या वैद्याने त्याच्या उजव्या कोपरात व गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि शेकही दिला. तासाभरात पोट हलके झाले. शस्त्रक्रियेनंतरचा हा गुबारा जुनाट अपचनाहून निराळा असतो आणि बहुधा आपोआपही उतरतो. असे असता एका रोग्याच्या एका रात्रीच्या अनुभवाने जे कुतूहल जागे केले ते शेकडो पृष्ठांच्या ग्रंथांनी केले नव्हते. १९७९ साली बीजिंगमधील परिसंवादानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात सूचिवेधास योग्य अशा रोगांची यादी आली. तीत जठरदाह आणि जठरातील आम्लाधिक्य यांचा समावेश होता. यादी वैद्यांच्या अनुभवावर आधारलेली आहे, नियंत्रित प्रयोगांवरच आधारलेली आहे असे नाही, हे तीत सांगितलेले होते. यादी पुढे सर्वत्र उद्धृत झाली. हे वाक्य मात्र क्वचितच कोणी सोबत घेतले.

याच सुमारास रोगाच्या नावाचे दुसरे स्थित्यंतर झाले. ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरातील हेलिकोबॅक्टर जंतूची वाढ प्रयोगशाळेत करून दाखविली, आणि जठरव्रण हा बव्हंशी या जंतूमुळे होतो असे पुढे सिद्ध झाले. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ताणतणाव आणि तिखट यांच्या माथी मारलेले व्रण जंतुनाशकांनी बरे होऊ लागले. मग उरले ते ज्यांच्या जठरात काहीच सापडत नाही असे रोगी. त्यांना ‘कार्यात्मक अपचन’ हे नाव मिळाले, म्हणजे रचना ठीक, कार्य बिघडलेले. ‘रोम निकष’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्याख्यांच्या २००६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीने त्यांचे दोन भाग केले : जेवणानंतर पोट जड होणारे आणि जठराच्या जागी दुखणारे किंवा जळजळणारे. केम्फरचा ‘सेनकी’, बेर्लिओझची तरुणी आणि रेस्टनचा गुबारा यांना आजवर एकाच रांगेत बसविले जात होते. आता ते शक्य राहिले नाही. ज्याला जठरव्रण आहे त्याला सुईच्या भरवशावर ठेवणे हा आज अपराध ठरेल. ज्याला काहीच सापडत नाही त्याला ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठविणे हाही त्याहून फारसा लहान अपराध नव्हे, आणि तो मात्र रोज घडतो.

दुसरा प्रश्न सुईचा. औषधाची परीक्षा करताना साखरेची गोळी देता येते; रोग्याला फरक कळत नाही. सुई टोचली की नाही हे मात्र रोग्याला कळते. यावर एक उपाय म्हणून बिंदू सोडून भलत्याच जागी आणि वरवर सुई टोचण्याची प्रथा पडली. १९९८ साली जर्मनीतील श्ट्राइटबेर्गर व क्लाइनहेन्झ यांनी बोथट टोकाची, दाबताच आपल्याच मुठीत सरकणारी सुई योजिली. ती त्वचेला टेकते, आत शिरत नाही. हेगार्थची लाकडी कांडी अखेर येथे पोहोचली. परंतु लाकडी कांडी आणि बोथट सुई यांत एक भेद आहे. त्वचेला स्पर्श झाला की मज्जातंतू उद्दीपित होतातच. तेव्हा लटकी सुई साखरेच्या गोळीइतकी निष्क्रिय आहे असे म्हणता येत नाही. शिवाय सुई टोचल्यावर जी जड, ठणकती संवेदना यावयास हवी तिला चिनी वैद्य ‘ची मिळणे’ म्हणतात. त्यांच्या दृष्टीने ती संवेदना आली नाही तर टोचणे झालेच नाही. उलट ती आली तर जाणत्या रोग्याला आपल्याला खरी सुई मिळाल्याचे कळून चुकते. या पेचातून अद्याप पूर्णपणे कोणी सुटलेला नाही.

याहून अवघड प्रश्न विश्वासाचा होता. इंग्लंडमधील अँड्र्यू व्हिकर्स व त्याचे सहकारी यांनी १९९८ साली दाखवून दिले की, चीन, जपान, हाँगकाँग व तैवान येथून प्रसिद्ध झालेल्या सूचिवेधाच्या ज्या प्रयोगांची त्यांनी पाहणी केली त्यांतील एकूण एक अनुकूल निकालाचे होते. ज्या विद्यापीठात एकही विद्यार्थी नापास होत नाही तेथील परीक्षेविषयी जी शंका येते तीच येथे यावी हे साहजिक आहे. २०१४ साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत कार्यात्मक अपचनावरील सात प्रयोग, ५४२ रोगी, विचारात घेतले गेले. पुराव्याचा दर्जा हलका किंवा अतिशय हलका आहे आणि सूचिवेध इतर उपचारांहून अधिक गुणकारी वा निर्धोक आहे की नाही हे सांगता येत नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

तथापि चीनमधील प्रयोगांचा दर्जा याच काळात पालटू लागला होता. छंगदू येथील संशोधकांनी २०१२ साली ७१२ रोग्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोग्यांचे सहा गट यदृच्छेने पाडलेले होते : जठराच्या वाहिनीवरील विशेष बिंदू, त्याच वाहिनीवरील इतर बिंदू, पोट व पाठ यांवरील बिंदू, पित्ताशयाच्या वाहिनीवरील बिंदू, बिंदू नसलेल्या जागा, आणि इटोप्राइड हे औषध. सर्व गटांतील रोग्यांना काही ना काही आराम पडला. गुण आलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ७१ टक्के, तर बिंदू नसलेल्या जागी टोचलेल्या गटात सुमारे ३५ टक्के होते. सुई कोठे टोचली यावर काही अवलंबून आहे, असे या प्रयोगाने सुचविले. या विकारात औषधाचा नुसता आभास निर्माण केला तरी तिघांपैकी एकाला बरे वाटते, हा औषधांच्या प्रयोगांतील जुना अनुभव आहे. लटक्या सुईच्या गटाचा आकडा त्याच्याशी बरोबर जुळतो, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २०२० साली अमेरिकेतील ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला चीनमधील पाच रुग्णालयांचा प्रयोग. जेवणानंतर पोट जड होणाऱ्या २७८ रोग्यांना चार आठवड्यांत बारा वेळा खऱ्या किंवा लटक्या सुया टोचण्यात आल्या. निकालाची मापे दोन ठेवली होती. पहिल्या मापाने, म्हणजे एकंदरीत सुधारणा झाली का असे रोग्यालाच विचारले असता, खऱ्या सुईच्या गटात ८३ टक्के आणि लटक्या सुईच्या गटात सुमारे ५२ टक्के रोग्यांना गुण आला होता. दुसरे माप कडक होते : जेवणानंतरची तडस, वरच्या पोटाचा गुबारा आणि लवकर पोट भरणे या तिन्ही तक्रारी पूर्णपणे गेल्या का? येथे आकडे २८ आणि १७ टक्क्यांच्या आसपास उतरले. मराठीत ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ यांत जे अंतर आहे तेच या दोन मापांत आहे. एकाच प्रयोगाचा आधार घेऊन सूचिवेधाचा पुरस्कर्ता पाचांपैकी चौघांना गुण आला असे सांगू शकतो, आणि विरोधक चौघांपैकी तिघे तसेच राहिले असे सांगू शकतो; दोघांचेही म्हणणे खरे असते. खऱ्या व लटक्या सुईतील फरक दोन्ही मापांनी राहतो आणि उपचार संपल्यावर बारा आठवडे टिकला असेही आढळले. लटक्या सुईनेही निम्म्या रोग्यांना बरे वाटले, याचा विसर पडू देणे मात्र योग्य नाही. रोग्यांना कोणती सुई मिळाली हे सांगितलेले नव्हते. टोचणाऱ्या वैद्याला ते ठाऊक असणे अपरिहार्य होते, आणि ही उणीव संशोधकांनी स्वतःच नोंदविली आहे. वैद्याच्या हाताला माहीत असलेली गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर आणि बोलण्यात किती उतरते, आणि तेथून रोग्याच्या उत्तरात किती, हे मोजण्याचे साधन त्या प्रयोगात नव्हते.